काकांनी स्वतःच्याच घराचा रिपोर्ट लिहिला

लिहायला बसले खरी, पण हे आपलं काम नव्हे ही धाकधूक पेन हातात घेतल्यापासून आहे. व्यक्तिचित्रं लिहिणारी माणसं निराळी असतात. त्यांनी पुष्कळ वाचलेलं असतं, पुष्कळ माणसं पाहिलेली असतात. मी वरूडकडच्या गावातून अमरावतीला शिकायला आलेली, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. आई संत्र्यांच्या पॅकिंगला जाते, बाबा त्याच संत्र्यांचा ट्रॅक्टर चालवतात, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. तेव्हा कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, ते मात्र सांभाळून घेणार नाहीत. ते हे वाचतील, चष्मा कपाळावर सरकवतील आणि दुसऱ्या ओळीपासून दोष काढायला लागतील. दोष काढणं हा त्यांचा धंदाच होता.

ते आमचे घरमालक. गच्चीवरच्या खोलीत मी राहायचे, खाली काका आणि काकू. नोकरीत असताना काका सरकारी बांधकामांवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर ते लोकांच्या घरांची तपासणी करायला लागले. कुणाला जुनं घर किंवा फ्लॅट घ्यायचा असला की तो आधी काकांना नेऊन दाखवायचा. काका घर बघायचे आणि रिपोर्ट लिहायचे. तो वाचून घेणाऱ्याने काय ते ठरवायचं.

मी राहायला गेल्यावर काकूंनी सहज विचारलं, काय काय येतं तुला. मराठी टायपिंग येतं थोडं, असं मी म्हणून बसले. काकांचा चष्मा लगेच कपाळावर गेला.

"थोडं म्हणजे? घर थोडं गळते, असं मी कधी लिहितो का?"

"येतं," मी म्हटलं.

"हां. मग आजपासून तू मॅडम."

त्या दिवसापासून मी मॅडम झाले आणि त्यांचे रिपोर्ट नीट लावायचं काम माझ्याकडे आलं. नीट लावायचं म्हणजे काय, ते पहिला गठ्ठा हातात आल्यावर कळलं. काकांच्या नोंदी लग्नपत्रिकेच्या पाठीवर, औषधाच्या खोक्यावर, हाताला येईल त्यावर असायच्या. एकदा तर तळहात माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "हे आधी उतरवून घे, मले जेवाचं आहे." फोटो मोबाईलमध्ये, एकात एक मिसळलेले. या घराचा संडास त्या घराच्या देवघराला चिकटलेला. आणि प्रत्येक भेगेच्या फोटोत शेजारी त्यांची चप्पल.

"काका, ही चप्पल?"

"माप आहे ते. भेग केवढी, हे लोकाइले कसं समजन? नऊ नंबरची चप्पल आहे, खाली लिहून टाक."

मी प्रत्येक फोटोखाली तसं लिहायला लागले. कर्जासाठी रिपोर्ट बँकेतही जायचा. तिथल्या एका साहेबांनी फोन करून विचारलं, ही चप्पल घरासोबत विकायची आहे का. काका म्हणाले, "चला, निदान फोटो तरी पाह्यला त्यानं."

सर्वांत कठीण होता तो क्रम. बँकेला ठरलेला क्रम हवा असतो: आधी पत्ता, मग क्षेत्रफळ, मग बांधकामाची स्थिती. काकांचा रिपोर्ट माणसांप्रमाणे लागायचा. पहिलं सासूचं प्रकरण, दुसरं सुनेचं, तिसरं पाहुण्याचं आणि शेवटी, अर्ध्या पानात, बँकेचं. सासूच्या प्रकरणात न्हाणीघराची पायरी, कठडा, रस्त्यावरचं येणंजाणं दिसणारी खिडकी. सुनेच्या प्रकरणात ओट्याची उंची, कपडे वाळत घालायची जागा, आतल्या खोलीची कडी आतून लागते की नाही. पाहुण्याच्या प्रकरणात काय असायचं ते पुढे अकोल्याच्या गोष्टीत येईल. मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, बँकेचं पान आधी घेऊ या का? ते परत पाठवतात."

"बँक त्या घरात राह्यणार आहे का?"

"नाही."

"मग तिनं शेवटी बसाचं."

काका घर बघायचे ते बघण्यासारखं असायचं. "घर पाह्याचं नसते मॅडम, त्याले छळाचं असते," असं ते म्हणत. आत शिरले की घरातल्यांना हुकूम: सगळे नळ सोडा, मिक्सर लावा, पंखे, कूलर, मोटार, टीव्ही, सगळं एकदम चालू करा. "घरात लग्न आहे असं समजा." त्या गदारोळात ते मधोमध डोळे मिटून उभे राहायचे. मग खिशातून संत्रं काढून फरशीवर ठेवायचे. फरशीला उतार असला की संत्रं चालू लागायचं. काचेची गोटी, आमच्याकडचा कंचा, का वापरत नाही, असं मी विचारलं होतं. "कंचा लय उतावळा असते. संत्रं आपल्यासारखं आहे, कारण असल्याशिवाय जाग्यावरून हालत नाही." हंगाम नसला की लिंबावर भागवायचे. तपासणी संपली की ते संत्रं सोलून घरमालकाला अर्धं द्यायचे. बातमी फार वाईट असली तर आख्खं.

आता अकोल्याची गोष्ट. काकूंची धाकटी बहीण अकोल्याला एकटी राहायची. तिच्या समोरचाच, तळमजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. काकूंचे गुडघे गेलेले, आमच्या घरी न्हाणीघर अंगणापलीकडे. भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या होत्या, "बहिणीच्या दारातून माह्या दारात चप्पल न घालता जाता येईन पाह्य." एवढं बोलून पुन्हा मेथी निवडायला लागल्या. त्यांनी यापूर्वी कशाचा हट्ट धरलेला मी पाहिला नव्हता.

काकाही तयार होते. फक्त म्हणाले, "आधी तपासणी."

आम्ही तिघं गेलो. फ्लॅट एका म्हाताऱ्या वकिलांचा होता. काकांनी नळ, पंखे, मिक्सर सगळं लावायला सांगितलं. जादा भाराने मीटरजवळचं एकही बटण खाली पडलं नाही. संत्रं ठेवलं, ते हललं नाही. काका बेचैन झाले. संत्रं दुसऱ्या खोलीत नेलं, तिथेही ते ढिम्म.

"काहीच सापडत नाही म्हंजे आपण नीट पाह्यलं नाही," ते मला हळूच म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन त्यांनी आतून कडी लावली. हे पाहुण्याचं प्रकरण. आतलं बाहेर किती ऐकू येतं, ते तपासायचं. आम्ही बैठकीत बसलो होतो. वकील, काकू, काकूंची बहीण आणि मी. आतून काकांचा नेहमीच्या बोलण्यातला आवाज आला, "वकिलाचं घर आहे. गोड बोलून राह्यला म्हंजे कुठंतरी गोम आहे. किंमतही जरा जास्तच सांगतली."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका बाहेर आले.

"ऐकू आलं का?" त्यांनी वकिलांना विचारलं.

"शब्दन्‌शब्द आला जी," वकील म्हणाले.

"मांडा मॅडम!" काकांचा चेहरा उजळला. "न्हाणीघरातलं बोललेलं बैठकीत ऐकू येते. एक दोष."

वकील मनमोकळा माणूस. हसून म्हणाले, "साहेब, घर तुमालेच देईन. पण माह्या मागं दुसरं गिऱ्हाईक आहे. दिवाळीपर्यंत थांबतो. पुढं नाही थांबत."

तेव्हा श्रावण होता. दिवाळीच्या आत अमरावतीचं घर विकलं गेलं, तरच अकोल्याचं घेता येणार होतं. घर चांगलं होतं. लेआउटमधलं, मागे विहीर, पुढे कडुनिंब. गिऱ्हाईक मिळणं कठीण नव्हतं. कठीण होते ते काका.

परत आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "आता आपल्या घराचा रिपोर्ट."

"आपलं घर आपल्याले माहीत नाही का?" काकू म्हणाल्या.

"तुले माहीत आहे. घेणाऱ्याले नाही."

रविवारी सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फाटकाबाहेर गेले आणि बाहेरून बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. "नमस्कार, घराची तपासणी कराची होती," काका म्हणाले. काकू वळल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या. दिवसभर आमच्या घरात लग्न होतं. मोटार, मिक्सर, कूलर. संत्रं बैठकीच्या दारातून निघालं ते थेट देवघरापर्यंत गेलं.

"संत्र्यालेही भक्ती आहे," काकू आतून म्हणाल्या, "पण तुमाले घर विकाचं नाही."

रिपोर्ट मीच टाइप केला. त्यात काकांनी स्वतःला सगळीकडे 'घरमालक' म्हटलं होतं आणि त्या माणसावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यातल्या काही ओळी मला अजून पाठ आहेत. "घरमालक स्वतः इंजिनिअर असल्याचे सांगतात. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, यावरून काय ते समजावे." "गच्ची गळत नाही, असे घरमालक म्हणतात. पावसाळ्यात ते बादली घेऊन कुठे उभे असतात, हे विचारावे." "मागची खोली विहिरीला लागून आहे. भिंत बारमाही ओल धरते. कपाट ठेवल्यास त्याची पाठ कुजते. झोपण्यास अयोग्य." "न्हाणीघर अंगणापलीकडे, मध्ये पायऱ्या. सासूचे गुडघे लक्षात घ्यावेत."

गिऱ्हाईक येऊन बसलं की काकू चहा आणायच्या आणि काका रिपोर्ट. एक बँकेतलं जोडपं चहा पिऊन गेलं, ते परत आलं नाही. एका प्राध्यापकांनी चहाही अर्धा ठेवला.

"अहो," काकूंनी एका संध्याकाळी विषय काढला, "लोक पोरगी दाखवाले बसले तर आधी तिचं नाव सांगतात. तिचा ताप-खोकला नाही सांगत."

"नाव कोनीही सांगते. ताप मीच सांगू शकतो."

"मग ठेवा पोरीले घरातच!"

"लपवून विकलं तर घेणाऱ्याची शिवी अकोल्यापर्यंत येईन. तिथं तुले झोप लागन का?"

"मले इथंही नाही लागत," काकू म्हणाल्या आणि अंगण ओलांडून, एकेक पायरी धरत, न्हाणीघराकडे गेल्या. काका त्या पायऱ्यांकडे पाहत होते. मला वाटलं, आता रिपोर्ट फाडतील. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मला म्हणाले, "पायऱ्यांची उंची लिहिली का आपण?"

नवरात्र लागलं. एका माणसाला सेमाडोहला, जंगलाच्या कडेला, पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या विकत घ्यायच्या होत्या. त्याने काकांना बोलावलं. चार-पाच दिवसांचं काम, आणि तिथे फोन लागत नाही. निघताना काका मला फाटकात थांबवून म्हणाले, "मॅडम, मागं गिऱ्हाईक आलं तर रिपोर्ट द्याचा. एक दोष कमी करशीन तर याद राख."

"नाही करणार."

"वचन?"

"वचन."

ते गेले, आणि अकोल्याहून वकिलांचा फोन आला. दिवाळीपर्यंतचा शब्द आहे, पण दुसरं गिऱ्हाईक आत्ताच इसार द्यायला तयार आहे, तुमचं काय ते कळवा. काकूंनी काकांना फोन लावून पाहिला, लागला नाही. पुन्हा लावला. मग माझ्या खोलीचा जिना चढून आल्या. त्या जिना कधी चढत नसत.

"पोरी, तो रिपोर्ट काढ."

"काकू, मी वचन दिलंय. एकही दोष कमी करता येणार नाही."

"कमी कोन करून राह्यलं? तू लिही, मी सांगतो."

त्या माझ्या खाटेवर बसल्या आणि सांगायला लागल्या. सासू, सून, पाहुणा, बँक असं काही नाही. सकाळी उठल्यापासून त्या या घरात कशा वागतात, एवढंच. मी लिहीत गेले आणि मला एकदम सुचलं, की हे डावीकडे ठेवावं आणि काकांचं जे जिथलं असेल ते उजवीकडे, त्याच ओळीत. काकांचा एक शब्द काढला नाही. फक्त त्यांची प्रकरणं मोडली. हे बरोबर केलं की नाही, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

डावीकडे काकू: "सकाळी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागत नाही." उजवीकडे काका: "पूर्वेच्या खिडकीचे तावदान गेलेले आहे. पाखरे आत येतात." डावीकडे: "उन्हाळ्यात दुपारी मी मागच्या खोलीत नुसत्या फरशीवर पडते. कूलर लागत नाही." उजवीकडे ती बारमाही ओल, ती कुजणारी पाठ, ते झोपण्यास अयोग्य.

अष्टमीच्या सकाळी एक जोडपं आलं. चांदूर रेल्वेकडे त्यांची झेंडू आणि शेवंतीची शेती. रोज गाडीने फुलं आणून देवीच्या देवळाबाहेर विकायचे. आता शहरातच घर पाहत होते. दोघांच्या अंगाला झेंडूचा वास आणि बाईंची बोटं पिवळी. मी त्यांना भाऊ-वहिनी म्हणत रिपोर्ट पुढे केला. भाऊ ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले, वहिनी ऐकत होत्या. पायऱ्या झाल्या, गच्ची झाली, बादली झाली. ते हसले, पण पुढे वाचत राहिले. मागच्या खोलीपाशी आले तसं वहिनींनी हात वर केला.

"थांबा. ते पुन्हा वाचा."

भाऊंनी वाचलं. वहिनी उठल्या, कुणालाही न विचारता मागच्या खोलीत गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी भिंतीला तळवा लावला. मग गाल लावला.

"अवं माय! इथं शेवंती दुसऱ्या दिसापर्यंत टवटवीत राहीन."

"पण साहेबानं लिहून ठेवलं," भाऊ कागद पाहत म्हणाले, "झोपाले अयोग्य."

"फुलाइले झोपाचं आहे, तुमाले नाही." मग काकूंकडे वळून त्यांनी अगदी काळजीने विचारलं, "बाई, ओल खरंच बारमाही आहे ना? का नुसती पावसाळ्यापुरती?"

आमच्या घरात ओलीची खात्री मागणारं माणूस पहिल्यांदाच आलं होतं. काकूंनीही भिंतीला हात लावून पाहिला.

"बारमाही," त्या म्हणाल्या. "वैशाखातही. यायनं लिहून देल्लं न!"

"उन्हानं फुलं माना टाकतात वं बाई. दुपारून अर्धा माल फेकाचा. म्हणून तं घर पाहून राह्यलो." वहिनींनी पुन्हा भिंतीला हात लावला. "बाकीचे लोक म्हणतात, घर एकदम कोरडं आहे. मग आमी उठून येतो."

भाऊंनी विचारलं, मालक कधी येतील. बोलणी त्यांच्याशीच करावी लागतील.

"मालक मीच," काकू म्हणाल्या. "घर माह्या नावावर आहे. यायनं एवढं मोठं लिहिलं, तेवढंच चुकवलं."

मी कागद पाहिला. खरंच होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काका स्वतःलाच घरमालक समजून झोडपत होते.

दसऱ्याच्या मुहूर्तावर इसार झाला. अकोल्याहून बहीण आली. भाऊ-वहिनींची एकच अट होती: हा रिपोर्ट इसाराच्या कागदाला जोडून पाहिजे. इतकं खरं आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं, असं भाऊ म्हणाले. त्याच दुपारी काकूंनी वकिलांना फोन करून अकोल्याचा सौदा पक्का केला आणि तिथला इसार द्यायला बहिणीसोबत निघायचं ठरवलं. काकांचा फोन अजूनही लागत नव्हता.

"एसटी तं जाते ना तिकडं?" काकू म्हणाल्या. "कंडक्टरले सांग."

मी स्टँडवर गेले. सेमाडोहवरून जाणारी धारणीची गाडी लागलेली होती. कंडक्टरला काकांचं वर्णन सांगितलं, चष्मा कपाळावर वगैरे.

"गाडीचं छत टपकते म्हणून दर खेपेले तक्रार लिहिते, तोच का?"

"तेच," मी म्हटलं. काकूंनी जसा सांगितला तसा निरोप मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

पुढचं त्यानेच परतीच्या फेरीनंतर मला ऐकवलं. सेमाडोहला गाडी चहासाठी थांबली. रस्त्यापलीकडे काका शिडीवर चढून एका खोलीचं छप्पर ठोकून पाहत होते आणि खाली उभा असलेला मालक घामाघूम झाला होता. कंडक्टरने गाडीच्या पायरीवरूनच हाक मारली. "साहेब, तुमच्या घरून निरोप आहे!"

"ओरडू नको बापा, मी मोजून राह्यलो," काका शिडीवरूनच म्हणाले. "काय आहे?"

आख्खी गाडी खिडक्यांतून डोकावत होती. कंडक्टरने तोंडाशी हात धरला आणि शब्द न चुकवता सांगितलं, "तुमचं घर गेलं साहेब! तुमच्या सगळ्या दोषांसकट गेलं, एकही लपवला नाही! बाई म्हणते, आता परतवाड्यावरून सरळ अकोल्याची गाडी धरा!"